पाचवा रकाना

एप्रिलपासून मोजते आहे मी घरटी.
बेट कसलं, उत्तर समुद्राने उष्टं टाकलेलं कुरण.
चार उंचवटे, उंचवट्यांवर घरं,
आणि भरतीला अडवायला काहीच नाही.

टिलव्याचं घरटं शोधून सापडत नाही.
पाय पडणार, इतक्यात तो पायाखालून उडतो,
लाल तंगड्या लोंबत, बोंब ठोकत.
वर गवताची पाती ओढून घेतलेली, आत चार अंडी,
टोकं मधोमध जुळवून,
चौघांनी एकाच कुजबुजीत डोकं घातल्यासारखी.

वहीत पाच रकाने.
पिल्लू निघालं. पाण्याने नेलं. गुरांनी तुडवलं.
सोडून दिलं. खाल्लं.
पाचवा भरत चाललाय.

केटेल म्हणाला, कोल्हा. ओहोटीला रुळांच्या बांधावरून येतो.
तीन रात्री बंदूक घेऊन तो बांधावर बसला.
चौथ्या रात्री एक कोल्ही मारली.
हडकुळी. सडांत दूध होतं.
हे सांगताना तो बूट पुसत राहिला,
पुसून झालेलेच.

त्या आठवड्यात आणखी नऊ घरटी गेली.

टरफलं घरी आणून कागदावर मांडली.
कुरव असता तर अख्खं अंडंच उचलून नेलं असतं.
कोल्हा मागे काही ठेवत नाही.
ही कुरतडलेली, कडा चुरलेल्या, आत पिवळं माखलेलं.
खाणाऱ्याचं तोंड लहान होतं
आणि त्याला घाई नव्हती.

सत्तावीस नंबरला कॅमेरा लावला.
पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटं:
टिलवी पंख फुलवते,
किंचाळतही असेल, कॅमेऱ्याला कान नाहीत,
आणि काट्यांचा एक चेंडू
फिरायला निघाल्यासारखा चालत येतो.
हेजहॉग.

मला तो खोका आठवला. बुटांचा, झाकणाला भोकं,
बोटीत आईच्या मांडीवर.
गोगलगायी कोबी ठेवत नव्हत्या म्हणून
मावशीच्या बागेतून तिने जोडी आणली होती.
मी अकरा वर्षांची. नावं मीच ठेवली.

आई अजून रोज मागच्या दारी बशी ठेवते.
"कोण गं खातंय तुझी अंडी? कळलं का काही?"
बघतेय अजून, म्हटलं.
रात्री बशी धुतली, फडताळात पालथी घातली.

दुसऱ्या संध्याकाळी ती दारातच होती. भरलेली.

आज पस्तीस नंबरचं एक अंडं कानाशी धरलं.
आतून कुणीतरी टकटक करत होतं.
भरती साडेसहाला.