विंगेतून

शनिवारी शाळा सुटली की आठवी 'ब'मधली बाकं
भिंतीला लावायची, फरशीवर खडूने चौकोन काढायचा,
आणि खापेकर मॅडम म्हणायच्या, हे स्टेज.
आत येताना चपला काढा.

पहिल्या दिवशी फक्त चालणं.
राजासारखं नाही, म्हणाल्या,
रात्री पाणी प्यायला उठल्यासारखं.
आम्ही बावीस जण गोल गोल चाललो.
एकही जण तहानलेला दिसला नाही.

मग आवाज.
"गळ्यातून नाही, पोटातून. मागच्या भिंतीला लागला पाहिजे."
मागच्या भिंतीत कूलर होता,
त्याच्या जाळीत गेल्या उन्हाळ्याचा वाळलेला वाळा.
निकेश सोमकुवरचा आवाज तिथवर जाऊन
थोडा वाळा पाडून आला.
माझा खडूच्या रेघेवरच बसला.
"काऊन गं निनावे, घरी बोलत नाही का तू?"

घरी कोणीच बोलत नाही, मॅडम.
हे मी बोलले नाही.

तांडापेठेत आमच्या खोलीला लागून चार माग,
सकाळी सहापासून खटखट खटखट.
त्या टोकाला बाबा, या टोकाला कांड्या भरणारी आई,
मधे आवाजाचा पूर.
आई नुसत्या ओठांनी विचारते, डबा खाल्ला?
बाबा ओठांनीच सांगतात, मीठ जास्त झालं.
भांडणंही अशीच.
एकदाच, रागाच्या भरात तिने आवाज लावला
आणि नेमकी लाइन गेली.
माग थांबले.
"माहेरी" एवढा एकच शब्द
खोलीच्या मधोमध उभा राहिला,
कोणाला बसायला सांगावं कळेना.

तिसऱ्या शनिवारी आरसा.
समोरची करेल ते करायचं, डोळ्यांत पाहून, तिच्या मागे न पडता.
माझ्यासमोर पायल बारापात्रे,
गोळीबार चौकात तिच्या मामाचे माग.
तिने हात उचलला, मी उचलला.
तिने मान वाकडी केली, मी केली.
मग आवाज न काढता ती म्हणाली, भूक लागली बाप्पा.
मी म्हटलं, भूक लागली बाप्पा.
दोघी फुटलो.
"आरसा हसत नसतो," मॅडम ओरडल्या.
पण समोरची हसली तर?
यावर त्या थोडा वेळ गप्प होत्या.

नाटकात पायल म्हातारी झाली, निकेश कोतवाल.
मला मॅडमनी वही दिली. "तू विंगेत राहा. चुकलं की सांग."
आईने विचारलं, कोण झाली तू?
मी म्हटलं, वही.

जानेवारीचा मंडप. दव पडून कनात ओली,
गालाच्या मेकअपखाली थंडीने फुललेले काटे.
वरून लटकलेला एकच माइक,
आणि तो कुजबुजही उचलायचा,
पहिल्याच प्रवेशात कोतवालाचं नाक ओढणं
अख्ख्या मैदानाने ऐकलं होतं.

तिसऱ्या प्रवेशात पायल थांबली.
काठी टेकली, उगाच खोकली.
पुन्हा खोकली.
तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, पुसलेला फळा.
मी वही खाली ठेवली.
वाक्यं मला पाठच होती, सगळ्यांची.
ती विंगेकडे वळली
आणि मी ओठ हलवले,
मधे चार माग चालू असल्यासारखे, सावकाश, रुंद:
माझं गाठोडं नेलं ते नेलं, कोतवाला,
गाठ कशी मारतात ते कुठं नेशील?

पायलने ते उचललं.
पोटातून. मागच्या कनातीला लागलं.
टाळ्या वाजल्या, कोणीतरी शिट्टीही मारली.
पुढची पाचही वाक्यं अशीच गेली,
माझ्या तोंडातून तिच्या तोंडात.

घरी जाताना पाचपावलीचा पूल रिकामा होता.
बाबांना आता ऐकायला कमीच येतं,
ते कडेच्या खुर्चीवर बसले होते, तिथून विंग दिसते.
दिव्याखाली ते थांबले, माझ्याकडे वळले,
एकही माग चालू नसताना ओठांनीच म्हणाले,
चांगली बोलून राहिली होती तू.

मी म्हटलं, ती पायल होती, बाबा. म्हातारी.

बाबांनी विचारलं, कोणती म्हातारी?