राखेतलं पाऊल

भोपळा कोरणं सोपं. चमचा घातला की गर सुटतो.
दुकानाबाहेर आता तेच रचलेले असतात, केशरी, गुळगुळीत.
आम्ही सलगम कोरायचो.
सलगम म्हणजे दगड. मनगट भरून यायचं,
सुरी निसटून बोट कापायचं,
आणि आत मेणबत्ती लागली की घरभर
करपल्या भाजीचा, ओल्या मातीचा वास.
मला भीती वाटायची ती त्या वासाची. दातांची नाही.

या रात्रीला आमच्या बेटावर हॉप-टू-ने म्हणतात.
का म्हणतात, विचारू नका.
पाद्री एक सांगायचे, मास्तर दुसरंच,
आणि जाळी विणता विणता म्हातारा जुआन क्रेजीन म्हणायचा,
"अर्थ मेला, आवाज उरला. माणसांचंही तेच होतं."
एवढं मात्र पक्कं, की वर्ष या रात्री सरायचं.
गुरं डोंगरावरून खाली आलेली, खंड चुकता झालेला,
गडी नवी चाकरी शोधायला मोकळे, होड्या वाळूवर ओढलेल्या.
जुनं संपलेलं, नवं अजून लागलेलं नाही,
त्या फटीतून कुणीही आत येऊ शकतं.
म्हणून दाराला कडी नसायची.
बटाटे नि खारवलेले हेरिंग झाकून ठेवायचे
आणि लवकर निजायचं,
येणाऱ्यांना संकोच नको.

मुली मुकी भाकर भाजायच्या:
पीठ, मीठ, अंड्याचं कवच, काजळी.
अवाक्षर न काढता खायची, उलट्या पावलांनी बिछान्याकडे जायचं,
स्वप्नात नवरा दिसतो म्हणे.
आमच्या ब्रीशाला रात्रभर तहान लागली, बाकी काही नाही.

आणि सगळ्यांत शेवटी आई चुलीतली राख
जमिनीवर पसरायची, तळहाताने सपाट करायची,
चाळलेल्या पिठासारखी.
सकाळी पाऊल उमटलेलं असलं
आणि बोटं घराकडे असली, तर पाळणा हलणार.
दाराकडे असली, तर कुणीतरी जाणार.

मी सात वर्षांची होते.
मध्यरात्री उठले. बाहेर माझा सलगम
अजून जळतोय का, इतकंच पाहायचं होतं.
अनवाणी. राख कोमट होती.
परत आले ती बाकावरून, भिंतीला धरून.

सकाळी आई गुडघ्यांवर बसलेली.
एकच पाऊल. लहान. दाराकडे.
तिने बोटांनी मापलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं.
पकडले गेले, असं वाटून मी तोंड उघडलं,
आणि तिचा चेहरा पाहून मिटलं.
ती रागावली नव्हती.
रागावली असती तर!

त्या हिवाळ्यात मला विहिरीवर जाऊ दिलं नाही,
कड्यावर नाही, शाळेतही नाही.
छातीला बदकाची चरबी, अंगात दोन लोकरी बंड्या,
रात्री तिचा हात माझ्या नाकाखाली, श्वास मोजत.
घरातले सगळे डोळे माझ्यावर.
फेब्रुवारीत इलियम एकटाच निघाला, सोळा वर्षांचा,
शिडाला ठिगळ,
आणि वाऱ्याकडे बघून "आज नको" म्हणायला
दारात कुणी नव्हतं.
खडकांना एक वल्हं लागलं.

"पाऊल खरं होतं," आई म्हणाली, "वाचताना मीच चुकले."
तेव्हाही मी बोलले नाही.
नंतर एकतीस वर्षं बोलले नाही.
सांगितलं असतं, तर तिच्याकडे काय उरलं असतं?
कुणी सांगावा धाडलाच नव्हता.
पोरगं नुसतंच गेलं.

आता घरात चूल नाही, राख नाही.
संध्याकाळी पोरं येऊन गेली,
ऑरीच्या तोंडावर प्लास्टिकचा सांगाडा, हातात भोपळा.
टॉफ्या दिल्या. कडी लावली नाही.
मग दारापाशी मैदा पसरला,
वाकताना गुडघा कुरकुरला,
आणि पायमोजा काढला.

बोटं आत हवी असतील
तर आधी बाहेर जावं लागतं, हे लक्षातच आलं नव्हतं.
गेले. पायरी बर्फासारखी.
कठड्यावर माझा सलगम
अजून जळतोय.