रिकीब

गाडीच्या दाराखाली जी पट्टी असते
तिला रऊफ पिंजारी उंबरा म्हणतो.
लोक तहसीलचे उंबरे झिजवतात,
मी माझाच झिजवला,
झरीपाड्याच्या नाल्यात, दर मंगळवारी,
चोवीस सिलिंडर मागे घेऊन.
डावीकडे तर पत्रा इतका आत गेलाय
की दार लावताना खांदा द्यावा लागतो.

म्हणून शहाद्यात, दोंडाईचा रस्त्यावर,
सकाळपासून दोन दुकानांच्या मधे उभा आहे.

पहिल्यात चकचकीत साइड स्टेप.
ॲल्युमिनियम, वर काळे रबरी ठिपके.
दुकानदार पुसून पुसून दाखवतो,
"नवरदेवाची गाडी वाटेल, शेठ."
मी बोटांनी ठोकून पाहिली,
रिकामा डबा वाजावा तशी वाजली.
डोळ्यांपुढे नाल्यातला तो काळा दगड,
म्हशीच्या पाठीएवढा,
आणि त्याच्यावर हा नवरदेव.

दुसऱ्यात रऊफ. आजा कापूस पिंजायचा,
हा लोखंड जोडतो.
वेल्डिंगची काच तोंडावर असली की बोलतो,
वर केली की गप्प.
दोन इंची पाइप, पाच एमएम जाड,
एका बाजूला तीन ब्रॅकेट, थेट चासीला,
बॉडीला हात लावायचा नाही.
जोडी अडतीस किलोची,
"म्हणजे एक भरलेलं सिलिंडर न् वर तुझा जेवणाचा डबा.
पण याच्याखाली जॅक लाव, गाडी उचल,
दगडावरून घसरव. रडणार नाही."

पैसे मोजायला खिशात हात घातला
तेव्हा त्याने काच वर केली,
आणि तरी बोलला.
"गाडीमा कोन बसस?"

मी. आणि मंगळवारी म्हसावदहून सायकीताई,
लशींचा डबा मांडीवर.
उंची साडेचार फूट,
तीही डोक्यावरच्या पदरासकट.

ती चढते कशी?

मला सांगता येईना.
सहा वर्षं त्या वेळी मी मागे असतो, दोर आवळत.
आठवलं ते एवढंच:
आधी डबा येतो सीटवर,
मग बराच वेळ कोणी येत नाही,
मग ती.

पायरी खाली सोडली तर दगडाला लागते.
वर घेतली तर पायाला लागत नाही.
रऊफने दारावर खडूने रेघ मारली, दगडाची.
तिच्या वीतभर खाली दुसरी, सायकीताईची.
त्या मधल्या वितीकडे आम्ही दोघं बघत बसलो.
चहा आला, निवला,
त्यावर साय धरली.

मग तो उठला, भंगारातून
ट्रकच्या टायरची एक पट्टी ओढत आणली.
लहानपणी सारंगखेड्याला मामाकडे होता,
मामा घोडे नाचवायचा.
"रिकीब," म्हणाला. बाकी काही नाही.
डाव्या पाइपला दोन कड्या, कड्यांत रबराचा फास.
माणूस आला तर पाय धरेल,
दगड आला तर मागे झुलेल.
कड्यांचे पैसे घेतले. रबराचे नाही.

मंगळवारी म्हसावदला दोर तसाच सोडला,
बॉनेटजवळ उभा राहिलो
काच पुसल्यासारखं करत.
डबा आला सीटवर.
मग काळी चप्पल, अंगठा दोऱ्याने शिवलेला,
फास जरासा हलला
आणि ती बसलेली होती.
खाली वाकून तिने पट्टी चिमटीत धरली, जाडी पाहिली.
"चपलीचा तळ चांगला होईल याचा.
तुटली तर टाकू नको."

नाल्यात तो काळा दगड होताच.
गाडी त्याच्यावर टेकली, डावीकडून, सगळ्या वजनानिशी,
चोवीस सिलिंडर एकदम दचकले,
लोखंड ओरडत सरकलं
आणि आम्ही पलीकडे.

सायकीताईने डब्याची कडी चाचपली.
लागलेलीच होती.