करडा चुरा

पहिली मोरी. मग तिची रेडी.
तांबडी गाय दोन दिवस
गोठ्याच्या भिंतीला कपाळ लावून उभी होती,
दात खात.

आत्ती म्हणाल्या, करणी. जोतिबाला नारळ बोला.
दीर म्हणाला, वाढ्यांवर औषध मारलंय कुणीतरी,
आणि बांधापलीकडं नेर्लेकरांच्या खोपीकडं बघितलं.
तिथनं आमचं बोलणं तुटलं.

नदाफ डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घातला,
पोटातल्या चोथ्यातून
करडा चुरा काढून तळव्यावर धरला.
"बॅटरी कुठं फुटलीय?"

पाण्याच्या कुंडाजवळ. ट्रॅक्टरची, जुनी.
टेकू म्हणून मीच ठेवली होती.
"गोड लागतं शिसं त्यांना."

सांजचं नेर्लेकरांच्या दारात गेले.
म्हशीची धार चालली होती.
थांबले,
चरवी भरेपर्यंत.