अपन

खलाशी लाइनीतल्या माझ्या खोलीत
मे महिन्याच्या दुपारी कूलर नुसता आवाज करतो.
खस बदलायची राहिली.
ते काम शांतवनचं होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी तिर्सा पडाळे येते,
तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून, सायकल जिन्याखाली आडवी टाकून,
दृढीकरणाची प्रश्नोत्तरं घोकायला.
तेरा वर्षांची. म्हणाली,
एकात तीन, हे जमते कसं काय, बाई?

पाळकसाहेबांनी तिला बर्फ सांगितला होता, पाणी, वाफ.
पण आमच्या फ्रीजमधला बर्फ, ती म्हणाली,
पाण्याशी कधी बोलत नाही.
संत्र्याच्या फोडींचं मी स्वतःच टाळलं.
या शहरात ते कोणीही सांगेल,
आणि शेवटी हातात साल उरते.

चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं. जे येतं तेच सांगितलं:
बाप्तिस्म्याचं वाक्य नीट वाच.
पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या...
पुढचा शब्द?
नावाने.
नावांनी का नाही?
तिने पेन्सिल चावली.
तीन षष्ठ्या, बाई, आणि नाम एकवचनी!
शाबास, म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं.

कारण तिने विचारलं,
मग देव स्वतःला काय म्हणतो? मी, का आम्ही?

आम्ही.
एकेचाळीस वर्षं हा शब्द तोंडात होता.
आम्ही निघतो. आम्हाला साखर कमी.
फाल्गुनात धंतोलीच्या दवाखान्यात
यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं
आणि काचेबाहेर मी जे पुटपुटत होते
त्याला ना कर्ता होता, ना क्रियापद.
कोणीतरी ते वाक्य पुरं करत होतं.
ती मी नव्हते.
नंतर दूधवाल्याला म्हणाले, आम्हाला अर्धाच लिटर.
तो थांबला.
मी दुरुस्त केलं: मला.

तिर्साला यातलं काही सांगितलं नाही.
एवढंच म्हणाले, मराठीला दोन दारं आहेत.
'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर उभा.
'आपण' म्हटलं की तो आत.
आभाळ नव्हतं, जरीपटक्याचं कब्रस्तान नव्हतं,
जीव लावायला दुसरं कोणीच नव्हतं,
तेव्हाही देव एकटा नव्हता, पोरी.
आत बोलणं चालू होतं.
त्या बोलण्यात कोणीतरी जरा सरकलं, जागा केली,
आणि आपण जन्मलो.

आणि शुक्रवारी? वधस्तंभावर?
तेव्हा तर तो एकटाच ओरडला ना?

हो.
पोटचं माणूस जाणं म्हणजे काय
हे त्या घराला बाहेरून कोणी शिकवलेलं नाही.
मला इथपर्यंतच येतं. पुढचं पाळकसाहेबांना विचार.

बराच वेळ ती कूलरकडे बघत राहिली.
मग वही मिटली.
ठीक आहे बाई, अपनला समजलं.

अपन!
किती वह्यांत या शब्दाखाली लाल रेघ ओढली मी.
'अपन गेलो होतो.' कोण गेलं होतं? तू, का सगळे?
बर्डीची, इंदोऱ्याची, टेक्याची पोरं खांदे उडवायची,
अपन म्हणजे अपनच ना, बाई.
बाकावर एकच पोरगं उभं
आणि तोंडात अख्खी गल्ली.
ज्या प्रश्नावरून जुन्या काळी बिशप हद्दपार झाले
त्याचे मी अर्धे अर्धे गुण कापत होते.

जिन्यावरून तिने वर पाहिलं.
उद्या बाबाला घेऊन येते. खस बदलून टाकू अपन.

मी काही दुरुस्त केलं नाही.
खाली सायकलची चेन उतरली असावी.
ती बसवताना तिची बडबड
कितीतरी वेळ वर ऐकू येत होती.
कोणाशी बोलत होती, कोण जाणे.