कशाचा वास?

पहिल्याच दिवशी हाश्मी मॅडमनी बाटलीचं बूच काढलं
आणि मी प्रयोगशाळेत नव्हतेच.
रांजणगाव शेणपुंजीच्या पत्र्याच्या खोलीत होते,
दाराला सायकल टेकल्याचा आवाज,
मागून बप्पांचा शर्ट.

बाटलीवर लिहिलं होतं, ब्युटॅनोन.
आमच्या घरात त्याला नाव नव्हतं.

सूत्रकृमी एक मिलिमीटरचा, आरपार दिसणारा.
चेतापेशी मोजून तीनशे दोन,
त्यातली एक या वासावर नेमलेली.
बशीच्या कडेला थेंब ठेवला की
वळवळत, चुकत, पुन्हा वळत
सगळे तिकडे निघतात,
आठवडी बाजाराला निघाल्यासारखे.

मग आम्ही त्यांना धुतो,
उपाशीपोटी त्याच वासात कोंडतो.
अर्धा तास ठेवलं तर कंटाळतात, पण लवकर सावरतात.
तास उलटला की
पेशीतलं एक प्रथिन जागचं उठतं,
केंद्रकाचा उंबरा ओलांडतं
आणि आतून कडी लावतं.
मी ते हिरवं चमकताना पाहिलंय,
रात्री पावणेदोनला,
फरहीन टेबलावर डोकं ठेवून झोपलेली.
त्यानंतर थेंब समोर असला तरी
कृमी शेजारून निघून जातो.
ओळखपाळख नाही.

बप्पा एकवीस वर्षं वाळूजला,
चपलांचा डिंक करणाऱ्या कंपनीत.
नुसतं रबर सगळ्याच तळव्यांना धरत नाही,
त्याच्या लांब साखळीला दुसऱ्या रेणूच्या फांद्या जोडाव्या लागतात.
"सीताफळाला कलम करतेत ना, तसंच," ते सांगायचे,
"फकस्त फळ येत नाही."
रबर विरघळवायला पिंपंच्या पिंपं
ब्युटॅनोन.

आई म्हणायची, शर्ट बाहेर टाका, डोकं उठतं.
ते बाही नाकाशी धरायचे, खरंच हुंगायचे.
"कशाचा वास? मला तर काईच येत नाही."
आम्हाला वाटायचं, थट्टा करतात.

मार्चमध्ये मॅडम म्हणाल्या, आता उलटं करून बघ.
वास तोच, वेळ तोच,
पण यावेळी पोटाला दे.
बशीभर जिवाणूंचा पातळ थर दिला.
नव्वद मिनिटांनी सोडले, तर
थेंबाकडे आधीपेक्षा जास्त गेले.
मी तीनदा मोजले. वहीत आकडा लिहिला
आणि पेन तसंच हातात राहिलं.

रात्रपाळीच्या चहाबरोबर मिळणारा बिस्किटांचा पुडा
बप्पा कधी फोडायचे नाहीत.
सकाळी खिशातून निघायचा,
त्यालाही तोच वास.
मी आणि संदीपान त्या शर्टाला बिलगून
चुरा सांडत खायचो.

म्हणजे एकाच वासात
ते उपाशी होते
आणि आम्ही जेवत होतो.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

नोकरी सुटली, त्याला आता चौथं वर्ष.
परवा बप्पांना प्रयोगशाळेत आणलं.
बूच काढून बाटली पुढे केली,
त्यांनी पाणी हुंगावं तशी हुंगली, परत दिली.
मग भिंगाला डोळा लावून
किती तरी वेळ वाकून उभे.

"हे उपाशी हायेत का?"
हो.
"मग दे की कायतरी."

तास भरायला अजून अठरा मिनिटं होती.