चेंडूंच्या कपाटाची किल्ली

सत्तावीस वर्षं मी या संघाचे कपडे धुतो.
जर्सी हातात घेतली की सांगेन
कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला घरून फोन आला नाही.
दोन नंबरचं मशीन लंगडतं, त्याच्याखाली पुठ्ठा आहे.
टोलेडोतला जानेवारी असा, की मागच्या दाराशी
माझ्या धुण्याच्या वाफेत
कबुतरं ऊब घेत बसतात.

मंगळवारी, पेपर फुटावा तशी ती टेप फुटली.
कुठल्याशा जेवणात मालक बोलत होते,
मध्येच बशीवर काटा वाजत होता :
'खेळू देत की. पण माझ्या पाहुण्यांशेजारी
त्यांची माणसं कशाला बसवता?
घर माझं, गाडी माझी, पायातले बूट माझे.
खायला कोण घालतं त्यांना?
खाल्ल्या मिठाला जागायला नको?'
मग कुणीतरी हसलं.
बोलण्यापेक्षा ते हसणंच जास्त वेळ चालतं.

त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये कुणी गाणी लावली नाहीत.
कर्णधार डेमेट्रियस ओक्स
बर्फाच्या बादलीत पाय घालून बसला होता,
बर्फाचं पाणी झालं तरी पाय बादलीतच.
बेलग्रेडच्या नेनादने एका शब्दाचा अर्थ दोनदा विचारला.
तिसऱ्यांदा विचारला नाही.
कीशॉनचा करार दहा दिवसांचा, आज सातवा.
गॅरीहून त्याची आई बसने निघाली होती
मुलाला पहिल्यांदा मोठ्या मैदानात बघायला.
"मी पण?" तो म्हणाला.
कुणी हो म्हणालं नाही. कुणी नाही म्हणालं नाही.
त्याने बुटाची नाडी सोडली, बांधली, सोडली.

साडेपाचला डेमेट्रियस माझ्या दारात वाकून उभा.
"मिस्टर ऑसी, चेंडूंच्या कपाटाची किल्ली
तुमच्याकडेच असते ना?"
"असते."
"आज सापडली नाही तर?"

पेन्शनला चौदा महिने आहेत.
बायकोच्या औषधांचा विमा संघाचा.
आणि माझा बाप, इथल्याच काचेच्या कारखान्यात, भट्टीवर,
साठी उलटली तरी त्याला हाक 'ए पोरा' हीच.

हातात कालची जर्सी होती, अजून न धुतलेली.
पाठीवर घाम वाळून पांढऱ्या रेषा,
नकाशातल्या किनाऱ्यासारख्या.
नखाने खरवडून जिभेला लावलं.
या वयात माणूस काय काय करतो.
मीठ.
सत्तावीस वर्षं हेच मी धुऊन गटारात सोडलं,
आणि ते म्हणतात, मीठ त्यांचं.

"म्हातारा झालो," मी म्हणालो.
"कुठे काय ठेवतो, आठवत नाही."

सात वाजता ते चेंडूंशिवाय मैदानात आले.
नेहमीसारखी रांग लावली.
डेमेट्रियस धावला, उडाला,
रिकामा हात कड्यापर्यंत नेला, उतरला,
रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.
मग नेनाद. मग बाकीचे.
पासही दिले. झेललेही.
लोक आधी हसले.
वरच्या रांगेतून कुणी ओरडलं, 'अरे, चेंडू द्या त्यांना!'
मग हळूहळू उरली फक्त बुटांची करकर,
एवढ्या मोठ्या छपराखाली.
जाळी एकदाही हलली नाही.

सगळ्यात शेवटी कीशॉन.
जरा थांबला.
मग असा उडाला, की मी आजवर पाहिलेला नाही.
चौदाव्या रांगेत एक बाई उभी राहिली,
टाळ्या नाहीत,
पर्स छातीशी घट्ट.
मालकांच्या काचेआड कुणीतरी पडदा ओढला.

व्यवस्थापक धापा टाकत आला, "किल्ली!"
मी खिशातून रुमाल काढला, चष्म्याची डबी काढली,
पेपरमिंटची गोळी काढली, त्याला देऊ केली.
किल्ली मोज्यात घोट्याला टोचत होती.

पुढे सामना झाला का, कसा झाला, ते पेपरात आलंय.
मला ठाऊक आहे ते एवढंच :
रात्री माझ्याकडे बारा जर्सी आल्या, चिंब.
मी मशीन लावलं नाही.
तशाच दोरीवर टाकल्या,
म्हटलं, सकाळपर्यंत वाळू दे.